नाव एकाचं, भाषा दुसऱ्याची : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्लाव आणि तुर्किक लोकांच्या मुलखावर लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की ह्या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे वाटलेले प्रश्न एकत्र केलेत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवते, स्लाव आणि तुर्किक हे शब्द मी इथे भाषेच्या घराण्यासाठी वापरतेय, रक्तासाठी किंवा चेहऱ्यासाठी नाही. स्लाव म्हणजे रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन वगैरे. तुर्किक म्हणजे तुर्कस्तानातली तुर्की तर आहेच, पण अझरबैजानी, तातार, कझाक, उझबेक आणि पार सैबेरियाच्या टोकाला बोलतात ती याकुतसुद्धा.

प्रश्न : बल्गेरियन लोक नक्की कोण? एका ठिकाणी वाचलं की बल्गार ही तुर्किक टोळी होती, दुसरीकडे बल्गेरियन ही स्लाव भाषा म्हणून दिलीय. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि मला विचाराल तर ह्या सगळ्या टॉपिकमधली हीच सगळ्यात भारी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सातव्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेला, अझोव्ह समुद्राच्या आसपासच्या गवताळ माळांवर बल्गारांचं राज्य होतं. घोड्यावरचे लोक, भाषा तुर्किक, राजाचं नाव कुब्रात. मरताना त्याने मुलांना सांगितलं की एकमेकांपासून वेगळे होऊ नका, असं बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक बोलणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याच्या, बखरकारांनी लिहून ठेवलंय. पण बाप गेला, पूर्वेकडून खझार ह्या दुसऱ्या तुर्किक टोळीचा रेटा आला आणि मुलं पांगली. त्यातला अस्पारुख आपली माणसं घेऊन डॅन्यूब नदीच्या मुखाकडे आला, तिथे बायझंटाईन फौजेला त्याने हरवलं आणि ६८१ मध्ये सम्राटाला त्याच्याशी तह करून वर्षासन कबूल करावं लागलं. बल्गेरिया आपल्या राज्याची सुरुवात ह्याच सालापासून धरतो. बल्गारांची दुसरी एक शाखा उलट दिशेला गेली, उत्तरेला, जिथे कामा नदी व्होल्गाला मिळते तिथे जाऊन राहिली.

आता डॅन्यूबकडे काय झालं बघा. अस्पारुख आला तेव्हा तिथे स्लाव शेतकरी आधीपासून होते आणि ते संख्येने खूप जास्त होते. राज्य बल्गारांचं, पण गावात, शेतात, बाजारात बोलली जायची ती स्लाव भाषा. पावणेदोनशेएक वर्षं असंच चाललं. मग राजा बोरिसने ८६४ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्याच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला, चर्चमध्ये प्रार्थना ग्रीकमध्ये चालली तर बायझंटाईनचा हात कायम डोक्यावर राहणार. नेमकं त्याच काळात सिरिल आणि मेथोडियस ह्या भावांचे शिष्य मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक मुलखाकडून, हाकलले गेले होते. ह्या भावांनी स्लाव भाषेसाठी पहिली लिपी बनवलेली, धर्मग्रंथ भाषांतर केलेले. बोरिसने ८८६ मध्ये त्या शिष्यांना आसरा दिला. त्यातला क्लेमेंट ओह्रिडला शिकवायला लागला आणि प्रेस्लाव ह्या राजधानीत ती दुसरी लिपी तयार झाली जिला आपण आज सिरिलिक म्हणतो. आपल्याकडे बरेच जण तिला सरसकट रशियन लिपी म्हणून मोकळे होतात पण ती बल्गेरियात जन्मली, रशियन मुलखाने ख्रिस्ती धर्म घेतला तोच ९८८ मध्ये, आणि लिपी त्यानंतर तिकडे रुजली.

म्हणजे राजाने देव बदलला आणि त्याबरोबर राज्याची भाषाही स्लाव झाली. बल्गारांची स्वतःची तुर्किक भाषा तिथून हळूहळू पुसली गेली, नाव मात्र देशाला राहिलं.

व्होल्गाच्या बल्गारांनी इस्लाम घेतला. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाने त्यांच्या राजाकडे शिष्टमंडळ पाठवलं, त्यात इब्न फदलान होता आणि त्याने जे लिहून ठेवलंय ते वाचताना माणूस डोळ्यासमोर उभा राहतो. उन्हाळ्यात तिथे रात्र इतकी छोटी की तो तंबूत गप्पा मारत रात्रीच्या नमाजाची वाट बघत बसलेला, अजान ऐकू आली म्हणून बाहेर आला तर उजाडलेलं. त्याने अजान देणाऱ्या मुअज्जिनला विचारलं तर तो म्हणाला, सकाळची नमाज चुकेल ह्या भीतीने मी महिनाभर रात्रीचा झोपलेलो नाही. बगदादहून आलेल्या धर्माला उत्तरेचं आभाळ असं भेटलं!

हे राज्य १२३६ मध्ये मंगोलांनी मोडलं. त्यांच्या बोल्गार शहराचे अवशेष आजच्या रशियातल्या तातारस्तानात आहेत, २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. तिथले तातार स्वतःला ह्या बल्गारांचे वारस मानतात, पण बल्गारांच्या भाषेची जी शाखा होती ती आज फक्त एका भाषेत जिवंत आहे, चुवाश. चुवाश लोक व्होल्गाकाठीच राहतात, आणि गंमत म्हणजे बहुतेक चुवाश आज ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चचे, ख्रिस्ती आहेत. त्यांची भाषा बाकी सगळ्या तुर्किक भाषांपेक्षा इतकी वेगळी पडलीय की तुर्कस्तानातल्या माणसाला ती जवळजवळ कळतच नाही. एक खूण लक्षात ठेवा, इतरांकडे जिथे शेवटी झ येतो तिथे चुवाशमध्ये र येतो. तुर्कीत मुलीला किझ म्हणतात, चुवाशमध्ये हेर. ही खूण पुढे परत लागणार आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की डॅन्यूबवर बल्गारांचं नाव राहिलं आणि भाषा गेली, आणि व्होल्गावर चुवाशांमध्ये भाषेचा धागा राहिला आणि नाव गेलं.

जाता जाता एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाहीये. नंतर बल्गेरियावर पाचेकशे वर्षं ऑटोमन राज्य होतं, आणि बल्गेरियन भाषेत एक सोय आहे जी रशियन किंवा पोलिशमध्ये तशी नाही. घटना स्वतः बघितली असेल तर क्रियापदाचं एक रूप आणि नुसती ऐकली असेल तर दुसरं. 'तो आला' हे डोळ्यांनी बघून सांगायचं तर 'दोयदे', आणि दुसऱ्याकडून कळलं असेल तर 'दोशल'. तुर्कीत अगदी हेच, 'गेल्दी' आणि 'गेल्मिश'. बरेच अभ्यासक ह्यात तुर्कीचा प्रभाव बघतात. आपल्याला हे समजायला काहीच त्रास नाही कारण आपण त्यासाठी रोज 'म्हणे' वापरतो, 'आला' आणि 'आला म्हणे', त्यांच्याकडे तो 'म्हणे' क्रियापदाच्या आतच बसलाय.

प्रश्न : ऑर्थोडॉक्स असेल तर स्लाव आणि मुसलमान असेल तर तुर्किक असं ढोबळ धरलं तर चालेल का? नकाशा लक्षात ठेवायला सोपं जाईल.

उत्तर : नाही, प्लीज असं नका धरू. तुमचा हेतू चांगला आहे, पण हेच ढोबळ धरून सरकारांनी लाखो माणसांची घरं उठवलीत, ते पुढे सांगते.

आधी उदाहरणं. मोल्दोव्हाच्या दक्षिणेला गागाउझ लोक राहतात, कोमरात हे त्यांचं मुख्य शहर, १९९४ मध्ये त्यांना स्वायत्त प्रदेश मिळाला. भाषा तुर्कीच्या अगदी जवळची, धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. चर्चमध्ये मेणबत्ती लावून प्रार्थना करताना देवाला ते अल्लाह म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत देवाला तोच शब्द आहे. उलट बाजूला बल्गेरिया आणि ग्रीसच्या सीमेवरच्या रोडोपी डोंगरात पोमाक आहेत, धर्माने मुसलमान आणि घरात बोलतात ती बल्गेरियन घराण्यातली स्लाव बोली. बोस्नियातले बोस्नियाक मुसलमान आहेत आणि त्यांची भाषा सर्ब आणि क्रोएट लोकांना दुभाष्याशिवाय कळते. लिथुआनियात त्राकाय नावाचं तळ्याकाठचं गाव आहे, तिथे चौदाव्या शतकाच्या शेवटी व्हितौतास राजाने क्रिमियाकडून कराइम लोक आणून वसवले, त्यांची भाषा तुर्किक आणि धर्म ज्यू परंपरेतला कराइट पंथ. आणि मंगोलियाला लागून असलेल्या रशियाच्या तुवा प्रांतात तुर्किक भाषा बोलणारे लोक बौद्ध आहेत. आता सांगा, कुठला रंग कुठे भरणार?

सणांचंही असंच. ६ मे ला गागाउझ हेदेरलेझ करतात, तुर्कस्तानातले मुसलमान त्याच दिवशी हिदिरेल्लेझ करतात, सर्ब लोक त्याच दिवशी सेंट जॉर्जचा सण करतात. तारीख एकच का, तर जुन्या ज्युलियन कॅलेंडरचा २३ एप्रिल म्हणजे आताचा ६ मे. मुसलमान सांगतात त्या दिवशी हिझिर आणि इल्यास हे दोन पुण्यपुरुष पृथ्वीवर भेटतात, ख्रिस्ती सांगतात संत जॉर्जचा दिवस, पण दोघांच्याही मेंढ्या त्याच सुमाराला डोंगरावर चरायला निघायच्या आणि ८ नोव्हेंबरला, म्हणजे ख्रिस्त्यांच्या संत दिमित्रीच्या आणि तुर्कांच्या कासिमच्या दिवशी, खाली यायच्या. मेंढपाळाला कामावर ठेवायचा करारही ह्याच दोन तारखांमधला. मला वाटतं सणाच्या मुळाशी आधी मेंढ्या होत्या आणि संत नंतर आले.

आता घरं उठवण्याचं. ३० जानेवारी १९२३ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकांच्या अदलाबदलीचा करार केला. कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे ठरवायला त्यांनी भाषा घेतली नाही, धर्म घेतला. तुर्कस्तानच्या मधल्या भागातल्या कापादोकियामध्ये करामानली म्हणून ऑर्थोडॉक्स लोक होते, त्यांची मातृभाषा तुर्की, ते तुर्कीच लिहायचे फक्त ग्रीक अक्षरांत. त्यांना ग्रीसला पाठवलं, जिथली भाषा त्यांच्यातल्या बहुतेकांना येत नव्हती. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलायचे, त्यांना तुर्कस्तानला पाठवलं, तिथे त्यांना तुर्की येईना. आधी युद्धात पळून आलेले धरून सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि ४ लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात गेले. दोन्हीकडे त्यांना परत परके म्हणून बघितलं गेलं. मी ह्या विषयावर कितीही वेळा वाचलं तरी त्या बायकांचा विचार मनातून जात नाही, ज्या 'आपल्या' देशात उतरल्या आणि पाणी कुठे मिळेल हे विचारायला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

आणि बल्गेरियात हे आपल्या आठवणीतल्या काळात झालं. १९८४ च्या हिवाळ्यापासून तिथल्या कम्युनिस्ट सरकारने देशातल्या तुर्की लोकांची नावं सक्तीने बदलून स्लाव पद्धतीची केली, सार्वजनिक ठिकाणी तुर्की बोलायला बंदी. वेटलिफ्टर नाईम सुलेमानोग्लू तुम्हाला आठवत असेल, तो बल्गेरियात जन्मलेला तुर्की मुलगा, त्याचं नाव कागदावर नाउम शालामानोव्ह करून टाकलं. १९८६ मध्ये मेलबर्नला स्पर्धेसाठी गेला असताना तो टीममधून निसटला आणि तुर्कस्तानला गेला, आणि १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये त्याने तुर्कस्तानकडून गोल्ड जिंकलं, मग १९९२ आणि १९९६ लाही. १९८९ च्या उन्हाळ्यात सीमा उघडली तेव्हा काही महिन्यांत ३ लाखांहून जास्त लोक गाड्यांवर सामान बांधून तुर्कस्तानकडे निघाले. त्याच वर्षाच्या शेवटी ते सरकार पडलं आणि नंतर नावं परत घेता आली, पुष्कळ जण परतलेही.

म्हणून म्हणते, नकाशा लक्षात ठेवायला अवघड असला तरी चालेल.

प्रश्न : कोसॅक आणि कझाक एकच का?

उत्तर : शब्द एकच, लोक वेगळे. 'कझाक' हा तुर्किक शब्द, अर्थ साधारण मोकळा भटका, कोणाचा ताबेदार नसलेला. दक्षिणेच्या गवताळ प्रदेशात पळून आलेल्या स्लाव लोकांना, म्हणजे डॉन आणि नीपर ह्या नद्यांकाठच्या लढवय्यांना, तोच शब्द चिकटला, आपण त्यांना इंग्रजीवरून कोसॅक म्हणतो. रशियन राज्यात घोटाळा नको म्हणून खऱ्या कझाकांना, म्हणजे आजच्या कझाकस्तानातल्या तुर्किक लोकांना, बराच काळ किर्गिझ म्हणत राहिले, १९२५ मध्ये त्यांचं स्वतःचं नाव अधिकृतपणे परत आलं.

प्रश्न : रशियन शिकताना 'द्येवेर' शब्द आला, अर्थ नवऱ्याचा भाऊ, म्हणजे आपला दीर! हे शब्द संस्कृतमधून तिकडे गेले का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला खूप आनंद झाला कारण हा माझाही आवडता शब्द आहे. पण नाही, संस्कृतमधून गेले नाहीत. संस्कृत आणि स्लाव भाषा ह्या एकाच जुन्या आजीच्या नाती, त्यामुळे घरातले शब्द दोघींकडे राहिले. विधवेला रशियनमध्ये व्दोवा, दाराला द्व्येर, तीनला त्री. सगळ्यात जवळचं वाटेल ते लिथुआनियन, जी स्लाव नाही पण स्लावच्या शेजारची बाल्टिक शाखा आहे. मुलगा सूनुस, अग्नी उग्निस, धूर दूमास, आणि आपल्या वीराचा व्हीरास म्हणजे तिकडे साधा पुरुष.

आता दुसऱ्या प्रकारचे शब्द बघा, ते नात्याने आलेले नाहीत तर व्यापाराने आणि लढाईने फिरलेले आहेत. आपला 'बहादूर' तुर्किक आणि मंगोल लोकांच्या 'बगातूर'वरून फारसीमार्गे आला, रशियन लोककथांमधला वीर 'बोगातीर' तिथूनच. उर्दू भाषेचं नाव 'ओर्दू' म्हणजे छावणी ह्या शब्दावरून आणि रशियन लोक मंगोलांच्या राज्याला 'ओर्दा' म्हणतात तेही तिथूनच. पेटीला आपण संदूक म्हणतो, रशियनमध्ये सुंदूक, मूळ अरबी पण तिकडे पोचवला तुर्किक लोकांनी. 'आरबूझ' ऐकून तुम्हाला खरबूज आठवेल, मात्र रशियनमध्ये त्याचा अर्थ कलिंगड. सराई म्हणजे राजवाडा किंवा मुक्कामाची जागा, रशियनमध्ये 'साराय' म्हणजे अंगणातली सामानाची खोली, शब्दाची इतकी उतरंड झालेली बघून जीव हळहळतो. बोस्निया आणि सर्बियात साखरेला शेचेर म्हणतात, तो तुर्की शेकेर, तो फारसी शकर, आणि तो संस्कृत शर्करा. म्हणजे हा एक शब्द मात्र खरंच आपल्याकडून निघून तिथे पोचला, चार भाषांचे दरवाजे ओलांडत.

मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतो तो 'कोमशू', तुर्कीत शेजारी. बल्गेरियन, सर्बियन, अल्बेनियन, सगळ्यांनी तो उचललाय. आणि ज्या द्वीपकल्पात हे सगळे शेजारी राहतात त्याचं 'बाल्कन' हे नावही तुर्कीच, अर्थ झाडीने भरलेला डोंगर.

प्रश्न : मागच्या लेखात तुम्ही हंगेरीला स्लाव देशांच्या ओळीत बसवलंय. माझ्या माहितीप्रमाणे हंगेरियन स्लाव नाहीत. कृपया दुरुस्ती करा.

उत्तर : तुमचं अगदी बरोबर आहे, चूक माझी, मनापासून आभार. हंगेरियन ही स्लाव नाही आणि तुर्किकही नाही, ती युरालिक घराण्यातली, फिनिश आणि एस्टोनियनची लांबची नातेवाईक, आणि जवळच्या बहिणी शोधायच्या तर पश्चिम सैबेरियात जावं लागतं, खांती आणि मान्सी लोकांकडे. नवव्या शतकाच्या शेवटी हे घोडेस्वार कार्पेथियन डोंगर ओलांडून आले आणि स्लाव लोकांच्या मधोमध राहिले.

पण तुमच्या दुरुस्तीला थोडी जोड देते, कारण ही भाषा शेजाऱ्यांनी भरलेली आहे. आठवड्याचे वार बघा, बुधवार सेर्दा, गुरुवार च्युतर्तोक, शुक्रवार पेन्तेक, सगळे स्लाव. टेबलाला अस्ताल, तोही स्लाव. म्हणजे स्थिर घर आणि चर्चचा आठवडा स्लावांकडून आला. आणि जे शब्द त्याच्याही आधी, गवताळ प्रदेशात असताना आले, ते शेती आणि गुरांचे, आणि ते तुर्किक. सफरचंद अल्मा, कझाकस्तानच्या अल्माती शहराच्या नावात आहे तोच. सातू आर्पा, तुर्कीतही आर्पा.

आता पहिल्या उत्तरातली खूण आठवा, झ च्या जागी र. तुर्कीत जुळ्याला इकिझ म्हणतात, हंगेरियनमध्ये इकेर. समुद्र तुर्कीत देनिझ, हंगेरियनमध्ये तेंगेर. बैल तुर्कीत ओक्युझ, हंगेरियनमध्ये ओकोर. म्हणजे हंगेरियन लोकांना हे शब्द ज्यांनी दिले ते आजच्या तुर्कांचे पूर्वज नव्हते, ते चुवाशसारखं बोलणारे कोणीतरी होते, त्याच काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या माळावरचे, जिथून कुब्रातची मुलं पांगली.